चार आवाज, त्यातला एकच घाईचा

वाचकाचं पत्र: "गाडी १४ वर्षांची आहे, १ लाख ३० हजार किलोमीटर पळाली आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम. सध्या चाकांकडून चार आवाज येतात. सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर होते आणि मग थांबते. ताशी ५० च्या पुढे गेलं की पुढून घूंऽऽ असा आवाज सुरू होतो, वेगाबरोबर तोही चढतो. पंधरा दिवसांपासून हळू जाताना डावीकडून चीं-चीं ऐकू येते, पण ब्रेकवर पाय ठेवला की बंद. आणि रिव्हर्स घेऊन पुढे निघालो की पहिल्या ब्रेकला एकदाच टक् होतं. मेकॅनिक म्हणतो, गाडी जुनी झाली, चारही बेरिंग, दोन्ही डिस्क, पॅड एकदाच टाकून घ्या. दोन महिन्यांपूर्वी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे केले होते, त्यानंतर कशालाही हात लावलेला नाही. खरंच एवढं सगळं बदलावं लागेल का?"

नाही. निदान गाडी जॅकवर चढवून पाहिल्याशिवाय तर नाहीच.

तुम्ही एक गोष्ट फार चांगली केली आहे: आवाजाचं नुसतं वर्णन न करता तो कधी सुरू होतो आणि कशाने थांबतो हे लिहिलं आहे. आवाजाला नाव देण्यात अर्थ नसतो. एकाला जे गुरगुरणं वाटतं ते दुसऱ्याला घुमणं वाटतं. पण 'ब्रेकवर पाय ठेवला की बंद' यात मतभेदाला जागा नाही, आणि खरं निदान त्यातूनच निघतं. तुमचे चार आवाज चार वेगळ्या कारणांचे दिसतात. त्यातल्या दोघांकडे जवळजवळ दुर्लक्ष करता येईल, एक या आठवड्यात बघायला हवा आणि चौथ्यासाठी बेरिंगवर (चाक ज्यावर फिरतं त्या गोळ्यांच्या कड्यावर) संशय घेण्याआधी टायरवरून हात फिरवायला हवा.

सकाळची खरखर आधी निकालात काढू. डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी, बिडाची असते. रात्रभर दव किंवा ओलावा लागला की तिच्यावर गंजाचा पातळ पापुद्रा येतो आणि पहिल्या काही ब्रेकांत पॅड, म्हणजे तिला दोन्ही बाजूंनी पकडणारे घर्षणाचे ठोकळे, तो खरवडून काढतात. गाडी दोन-चार दिवस उभी राहिली तर पॅड डिस्कला किंचित चिकटून निघताना टण् असा आवाजही येतो. यात दुरुस्तीसारखं काही नाही. हीच खरखर दिवसभर टिकू लागली तर मात्र तो वेगळा विषय.

आता घाईचा आवाज, म्हणजे ती चीं-चीं. बहुतेक पॅडच्या लोखंडी पाठीवर एक पातळ पोलादी पट्टी बसवलेली असते. पॅडचा घर्षणाचा थर झिजून साधारण २ ते ३ मिमी उरला की या पट्टीचं टोक डिस्कला टेकतं आणि मुद्दाम कानाला बोचेल असा आवाज करतं. ब्रेक दाबला की पॅड डिस्कवर घट्ट बसतं, पट्टीची थरथर थांबते आणि आवाज बंद होतो. तुमचं वर्णन याच्याशी अगदी जुळतं. सगळ्याच पट्ट्या असं वागत नाहीत, काही ब्रेक दाबल्यावरच ओरडतात. पण न दाबता चिरकणं आणि दाबल्यावर गप्प होणं दिसलं, तर पॅड संपत आल्याचं धरूनच पुढे जावं. याकडे काणाडोळा केला तर उरलेला थरही जातो, पॅडची लोखंडी पाठ डिस्कवर घासू लागते, आणि आज कदाचित चांगली असलेली डिस्कही हातची जाते.

चाक काढायच्या आधी दोन मिनिटांच्या दोन चाचण्या करून घ्या. चाकावर प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर ते काढून एक फेरी मारा. सैल कव्हर स्टीलच्या रिमवर घासून हुबेहूब अशीच चिवचिव करतं. ते असं ब्रेकबरोबर बंद होत नाही, त्यामुळे तुमच्याकडे शक्यता कमी, पण तपासायला कष्ट नाहीत. दुसरी चाचणी बाजू ठरवण्याची. आवाज पत्र्यातून फिरतो आणि कान हमखास फसतो. डावीकडची काच खाली करून भिंतीच्या कडेने ताशी १५-२० ने जा, मग उलट दिशेने येताना उजवी काच उघडा. भिंतीवरून परतणारा आवाज बाजू बऱ्यापैकी खरी सांगतो. पुढचं चाक की मागचं अशी शंका असेल तर मोकळ्या रस्त्यावर हळू चालत असताना हँडब्रेकचं बटण दाबून धरून लिव्हर अगदी एक-दोन खाचा ओढा. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालत असेल आणि आवाज बदलला, तर तो मागचा.

मग गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा. पुढच्या चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. याच वेळी नट आधीपासून सैल होते का हेही कळतं. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर काम करत बसू नये. शेजारी जॅक स्टँड लावून गाडीचं वजन त्यावर घ्या आणि काढलेलं चाक उंबऱ्याच्या पत्र्याखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड सरकलाच तर गाडी चाकावर टेकेल, तुमच्यावर नाही.

स्टिअरिंग योग्य बाजूला पूर्ण वळवलं की डाव्या चाकाचं कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, बाहेर डोकावतं. त्याच्या खिडकीतून बाहेरचं पॅड सहज दिसतं, आणि बहुतेक जण तेवढंच बघून 'पॅड अजून चांगलं आहे' म्हणतात. चूक इथेच होते. एका पिस्टनच्या (पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याच्या) सरकत्या कॅलिपरमध्ये आतलं पॅड बऱ्याचदा आधी संपतं, आणि झीज दाखवणारी पट्टीही बहुधा आतल्याच पॅडवर असते. टॉर्च घेऊन वरून आत पाहा. मोजायचा तो फक्त घर्षणाचा थर, लोखंडी पाठ सोडून. नव्या पॅडला तो साधारण १० ते १२ मिमी असतो. ३ मिमी किंवा कमी उरला असेल तर पॅड बदला, आणि पुढच्या दोन्ही चाकांचे बदला. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक लावताना गाडी एकीकडे ओढते.

आतल्या आणि बाहेरच्या पॅडच्या जाडीत २ मिमीहून जास्त फरक असेल, किंवा पॅड पाचरीसारखं तिरकं झिजलं असेल, तर नवे पॅड टाकून काम संपत नाही. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतं त्या सुकल्या किंवा गंजल्या आहेत, किंवा पिस्टन नीट मागे येत नाही. १४ वर्षांच्या गाडीत पिना अडकणं इतकं सर्रास असतं की पॅड बदलताना त्या काढून पाहिल्या नाहीत तर काम अर्धंच झालं असं समजावं. खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचला, तारेने बांधून ठेवा, रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नका. पिना ओढून काढा आणि पुसा. गंजाचे खड्डे पडले असतील तर नव्या घ्या. टोकाचे रबर फाटले असतील तर तेही बदला, कारण पाणी तिथूनच शिरलेलं असतं. ग्रीस सिलिकॉनचं, खास ब्रेकच्या पिनांसाठी मिळतं तेच, आणि तेही पातळ हाताने. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम होते. ग्रीस ठासून भरलं तर भोकात हवा कोंडते आणि पिन आत ढकलली की स्प्रिंगसारखी परत येते. वरची पिन आणि खालची पिन कधीकधी वेगळी असते, एकीवर रबराची बाही असते. अदलाबदल करू नका.

डिस्क बदलायची की नाही, हा अंदाजाचा नव्हे, मोजण्याचा प्रश्न आहे. डिस्कच्या मधल्या टोपीवर किंवा कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. गंज ब्रशने साफ केला की दिसतो. मोजताना एक फसवणूक होते: झिजलेल्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला न झिजलेला कंगोरा उरतो, व्हर्नियरचे (जाडी मोजायच्या मापकाचे) जबडे त्यावर बसतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड भासते. दोन्ही बाजूंनी एकेक सारखं नाणं लावून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. आकडा किमानपेक्षा आरामात वर असेल, नख अडकेल अशा खोल चरा नसतील, निळसर डाग किंवा तडे नसतील आणि ब्रेक लावताना पेडल पायाखाली थरथरत नसेल, तर डिस्क बदलायचं कारण नाही. कंगोरा मोठा असेल तर मात्र नवं पॅड त्यावर चढून आवाज करू शकतं, तेव्हा तो उतरवून घ्यावा.

नवं पॅड बसवण्यासाठी पिस्टन मागे ढकलावा लागतो आणि तेव्हा ब्रेक ऑइल टाकीत वर चढतं. पॅड झिजतात तशी टाकीतली पातळी उतरते हे माहीत नसल्याने मध्येच कुणी टाकी काठोकाठ भरलेली असेल, तर ऑइल सांडतं आणि रंग खातं. आधी सिरिंजने थोडं काढून घ्या. ग्रीस किंवा ऑइलचा थेंबही पॅडच्या घासणाऱ्या बाजूला किंवा डिस्कवर लागता कामा नये. धूळ फुंकर मारून किंवा कंप्रेसरने उडवू नका. जुन्या ब्रेकच्या धुळीत काय असेल याचा भरवसा नसतो आणि ॲस्बेस्टॉसचे पॅड पूर्वी सर्रास वापरले जात. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा.

सगळं जोडल्यावर, गाडी जागेवरून हलवायच्या आधी, ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे ढकललेला असल्यामुळे पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं, आणि हे रस्त्यावर कळणं फार महागात पडतं. पेडल कडक झालं की टाकीतली पातळी पाहून घ्या. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग कमी करा, प्रत्येक वेळी मध्ये थोडं अंतर जाऊ द्या. नव्या पॅडचा थर डिस्कवर नीट बसतो आणि पुढची किंकाळी बरीचशी टळते.

आणि पॅड जाडजूड निघाले तर? तर डिस्कमागचा धुळीचा पत्रा पाहा. तो वाकून डिस्कला टेकलेला असतो, किंवा त्याच्या आणि डिस्कच्या मध्ये एखादा खडा अडकलेला असतो. बोटाने पत्रा किंचित मागे वाकवला की काम झालं. हा आवाज बऱ्याचदा चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येतो. लहान गाडीच्या चाकाचा घेर साधारण १.८ मीटर धरला तर ताशी २० ला सेकंदाला तीन फेरे होतात. फोनवर आवाज रेकॉर्ड करून मोजा: सेकंदाला तीन म्हणजे चाकाबरोबर फिरणारं काहीतरी, मग तो डिस्कचा उंचवटा असेल नाहीतर टायरच्या खाचेत रुतलेला दगड. मागच्या ड्रममधून येत असेल तर साचलेली भुकटी, किंवा लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे भाग) ज्या उंचवट्यांवर सरकतात ते सुकलेले असणं, ही नेहमीची कारणं.

रिव्हर्सनंतरचा एकदाचा टक् म्हणजे पॅड आपल्या खोबणीत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकल्याचा आवाज. पॅडना घट्ट धरणाऱ्या क्लिपा वयाप्रमाणे सैल झालेल्या असतात. पॅडच्या संचाबरोबर नव्या क्लिपा येत असतील तर त्याच बसवा, जुन्या घासून परत वापरण्यात काटकसर नाही. खडबडीत रस्त्यावर हळू जाताना खडखड होत असेल आणि ब्रेकला नुसता पाय टेकवल्यावर ती थांबत असेल, तर तीही याच घरातली. पाय टेकवूनही थांबत नसेल तर सस्पेन्शनमधली स्टॅबिलायझरची लिंक किंवा लोअर आर्मचे रबरी बुश पाहावे. मात्र टक् प्रत्येक ब्रेकला येऊ लागला तर कॅलिपर ब्रॅकेटचे बोल्ट त्याच दिवशी तपासा.

आता तो घूं. मेकॅनिकने बेरिंग म्हटलं यात त्याचा फार दोष नाही, वेगाबरोबर चढणारं घुमणं बेरिंगचंच लक्षण आहे. पण तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेलं वाक्य या साऱ्यातलं सर्वांत मोलाचं आहे: दोन महिन्यांपूर्वी मागचे टायर पुढे आणले. मागच्या टायरवर वजन कमी असतं. शॉक अब्सॉर्बर थकले असतील किंवा अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडलं असेल तर ते उड्या मारत, ठिकठिकाणी वाटीसारखे झिजतात. मागे असताना त्यांचा आवाज डिकीखाली राहतो. पुढे आणले की थेट पायाशी येतो. घूं त्या अदलाबदलीच्या आसपास सुरू झाला का, हे आठवून पाहा.

चाक काढलेलंच आहे, तर तळहात टायरवर गोलाईच्या दिशेने एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा, मग आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं अडत असेल, किंवा हाताला खळगे लागत असतील, तर आवाज टायरचा. रस्त्यावरही हे ओळखता येतं. गुळगुळीत डांबरावरून खरखरीत किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर गेलं की टायरचा सूर बदलतो, बेरिंगचा बदलत नाही. ताशी ६० ला गाडी न्यूट्रल करून सोडा. आवाज इंजिनबरोबर न पडता वेगाबरोबर हळूहळू उतरला, तर तो चाकाकडचा एवढं पक्कं. मग मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी ५०-६० ला स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे झुलवा. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर जातं. तेव्हा घूं वाढला आणि डावीकडे वळताना विरला, तर डाव्या बेरिंगवर संशय घ्यावा. ही चाचणी दहात दहा वेळा खरी ठरत नाही, म्हणून तिच्यावर एकटीवर विसंबून पार्ट मागवू नका.

खात्री जॅकवर होते. चाक परत बसवून, गाडी उचललेली असताना, न्यूट्रलमध्ये एका हाताने चाक फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा, बोटं वेटोळ्यांच्या मध्ये न घालता. खराब बेरिंगची बारीक कुरकुर स्प्रिंगमध्ये स्पष्ट जाणवते. पॅडचा हलका सर्र आवाज नेहमीचा, तो धरू नका. मग चाक वर आणि खाली धरून, घड्याळातल्या १२ आणि ६ वर, आळीपाळीने ढकला-ओढा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवा. प्ले गेला तर बेरिंग, राहिला तर सस्पेन्शनचा बॉल जॉइंट किंवा आर्म. ९ आणि ३ वर धरल्यावरच हलत असेल तर स्टिअरिंगचा टाय रॉड एंड. पूर्ण स्टिअरिंग वळवून निघताना कट-कट-कट येत असेल तर बेरिंग विसरा आणि ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकाकडे नेणाऱ्या दांड्याचा) रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर उडालंय का ते पाहा.

हात फिरवूनही ठरत नसेल तर टायर जुन्या जागी परत टाका आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने जा. घूं मागे गेला तर बेरिंगवरचा खटला तिथेच संपला. वाटीसारखा झिजलेला टायर पुन्हा गोल होत नाही. शॉक अब्सॉर्बर आणि अलाइनमेंट तपासून घेतलं तर निदान यानंतर घ्याल ते टायर वाचतात. टायरच्या बाजूला चार आकडी तारीखही बघून ठेवा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. खाच १.६ मिमीवर आली असेल तर आवाजाचा विचार न करता टायर बदलावा.

बेरिंगच निघालं, तर जे आवाज करतंय तेवढंच बदला. पॅडसारखी बेरिंगची जोडी नसते आणि चारही एकदम जात नाहीत. मात्र ते प्रेसवर बसवणाऱ्याकडेच द्या. हातोडीने ठोकलं तर गोळ्यांचे ठसे आतल्या मार्गावर उमटतात आणि नवं बेरिंग लवकरच पुन्हा घुमू लागतं. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर काही बेरिंगच्या एकाच बाजूला चुंबकी पट्टी असते. ती बाजू उलटी बसली की डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं परत उघडावं लागतं. ड्राइव्ह शाफ्टचा मोठा नट नवा घ्यावा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळावा. तो सैल असताना गाडी चाकावर टेकवून ढकलू नये, बेरिंग तिथेच दुखावतं.

मेकॅनिककडे जाताना 'बेरिंग बदल' असं सांगू नका. 'डावीकडे चीं-चीं, ब्रेक दाबला की बंद. आतल्या पॅडची जाडी आणि डिस्कचा आकडा मला दाखव' असं सांगा, आणि काढलेले पार्ट परत मागा. तोवर गाडी चालवायला हरकत नाही, पण ब्रेक दाबताना लोखंडावर लोखंड घासल्यासारखं वाटलं, पेडल खाली जाऊ लागलं, गाडी एकीकडे ओढू लागली, किंवा फारसा ब्रेक न लावता १०-१५ किमी गेल्यावर एकाच चाकाजवळ हात नेताच झळ लागली, तर तिथेच थांबा. झळ म्हणजे ब्रेक सुटत नाहीये. हात जवळ न्या, रिमला लावू नका.

चाक परत लावताना नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, शेवटचा ताण गाडी जमिनीवर टेकल्यावर द्या. बऱ्याच लहान गाड्यांना तो ९० ते ११० न्यूटन-मीटर असतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. ५०-१०० किमी झाले की पाना पुन्हा एकदा लावून बघा.